झेडपासून डब्ल्यूपर्यंत: डिझेल इंजिनाचं नाव आणि नंबर कसा वाचायचा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

००:००

इयरफोन नीट लावा, बसमध्ये असाल तर खिडकी थोडी बंद करा, कारण आज अक्षरं आणि आकडे बरेच येणार आहेत.

मागच्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्यानं फोटो पाठवला. नागभीड स्टेशनवर उभी असलेली मालगाडी आणि पुढे डिझेल इंजिन. इंजिनाच्या अंगावर लिहिलंय ‘डब्ल्यूडीजी-४डी’ आणि खाली पाच आकडी नंबर. सोबत मेसेज: ‘दादा, एका रीलमध्ये सांगितलं की ४ म्हणजे चार हजार आणि डी म्हणजे चारशे. म्हणजे हे ४४०० हॉर्सपॉवरचं इंजिन ना? मित्र म्हणतो ४५००. शंभर रुपयांची पैज लागली आहे.’

तर मित्रा, आधी वाईट बातमी. तू शंभर रुपये हरलास. इंजिन ४५०० हॉर्सपॉवरचंच आहे. पण रीलवाला पूर्ण खोटं बोलला असंही नाही. त्यानं सांगितलेला नियम खरा आहे, फक्त तो या इंजिनाला लागत नाही. आता नियम खरा असून लागत का नाही, हे सांगायला मला पूर्ण एपिसोड लागला.

आणि एक सांगतो. मी पवनीचा. आमच्या तालुक्यात रेल्वेचं नाव काढलं की पहिला विषय गेजचाच निघतो. त्यामुळे या नावातलं पहिलं अक्षर आमच्यासाठी जनरल नॉलेजचा प्रश्न नाही. ते कसं, हे शेवटाकडे कळेल.

०२:१०: चार प्रश्न, चार जागा

भारतीय रेल्वेच्या इंजिनाचं नाव म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं एका ओळीत ठेवलेली. आपण सगळ्यात प्रसिद्ध नाव घेऊ: डब्ल्यूडीएम-२.

पहिली जागा: रूळ किती रुंद? डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, जुन्या मापात साडेपाच फूट. वाय म्हणजे मीटरगेज, १००० मिलिमीटर. झेड म्हणजे अडीच फुटांचं नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. आणि एन म्हणजे त्याहून अरुंद, दोन फुटांचं, ६१० मिलिमीटर. नेरळहून माथेरानला जाणारी टॉयट्रेन या एन गटातली.

दुसरी जागा: इंजिन कशावर चालतं? डी म्हणजे डिझेल. ए म्हणजे एसी करंटची वीज. सी म्हणजे डीसी करंट. आणि सीए म्हणजे दोन्हीवर चालणारं. मुंबईकरांना हे सीए जवळचं, कारण मुंबई परिसरात बरीच वर्षं १५०० व्होल्ट डीसी होतं आणि बाहेर पडलं की २५,००० व्होल्ट एसी. मग दोन्हीवर चालणारं डब्ल्यूसीएएम इंजिन लागायचं.

तिसरी जागा: काम काय? पी पॅसेंजरचा, जी गुड्सचा म्हणजे मालगाडीचा, एम मिक्स्डचा म्हणजे दोन्ही कामं करणारं, आणि एस शंटिंगचा. शंटिंग म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायचे, जोडायचे, तोडायचे.

चौथी जागा: मॉडेल कोणतं? इथे आकडा येतो आणि कधी कधी आकड्यामागे अजून एक अक्षर. सगळा गोंधळ याच जागेत आहे.

तर डब्ल्यूडीएम-२ म्हणजे ब्रॉडगेजचं, डिझेलवर चालणारं, प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं, मॉडेल क्रमांक दोन. सोपं आहे ना? आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अक्षराचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. दुसऱ्या जागेवरचा डी डिझेलचा, पण शेवटी आलेला डी डिझेलचा नाही. दुसऱ्या जागेवरचा ए विजेचा, शेवटचा ए वेगळा. तिसऱ्या जागेवरचा जी गुड्सचा, शेवटचा जी त्याहून वेगळा. आपल्याकडे एकाच नावाचे तीन प्रकाश असतात, मग ‘कोणता प्रकाश? चक्कीवाल्यांचा की मास्तरांचा?’ असं विचारावं लागतं. इथेही तेच.

०५:००: डब्ल्यू, वाय, झेड… मग एक्स कुठे गेला?

नॅरोगेजचं स्पेलिंग एनपासून सुरू होतं, मग त्याला झेड का? मीटरगेजला वाय का? हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडायचा.

उत्तर वाफेच्या जमान्यात आहे. १९२० च्या दशकात भारतातल्या रेल्वे कंपन्यांसाठी एकसारख्या नमुन्याची इंजिनं ठरवली गेली. तेव्हा गेजसाठी इंग्रजी वर्णमालेची शेवटची अक्षरं घेतली: एक्स म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरो. एक्सए, एक्सबी, एक्ससी ही त्या काळातली ब्रॉडगेजची वाफेची इंजिनं. म्हणजे एक्स, वाय, झेड ही सरळ रांग होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉडगेजची नवी इंजिनं आली तेव्हा एक्सच्या जागी डब्ल्यू घेतला. १९४७ मध्ये आलेलं डब्ल्यूपी हे त्यातलं गाजलेलं नाव. डब्ल्यू म्हणजे ‘वाइड’ असंही छान जुळलं. ब्रॉडगेज नव्या अक्षरावर गेलं, पण वाय आणि झेड मात्र जुनेच राहिले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात. जुन्या सिस्टीममधलं काहीतरी नव्या सिस्टीममध्ये तसंच राहतं, कारण ते बदलायला गेलं तर शंभर ठिकाणी मोडतोड होते. मग नवीन आलेला पोरगा विचारतो, ‘सर, हे असं का?’ आणि सर म्हणतात, ‘हात लावू नको, चालतंय.’

यात एक मस्त फसवी जागा आहे. आपल्या विदर्भातली शकुंतला, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर लाईनची गाडी. तिला कितीतरी वर्षं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं एक इंजिन ओढायचं. त्याचा प्रकार होता ‘झेडडी’. आता आजच्या नियमानं वाचलं तर झेड म्हणजे नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल. पण ते होतं वाफेचं! तिथला डी फक्त नमुन्याचं अक्षर होतं, जसं झेडबी, झेडई, तसं झेडडी. १९९४ मध्ये ते काढून तिथे डिझेल इंजिन आणलं. म्हणजे शकुंतलेला खरा ‘डिझेलचा डी’ १९९४ साली मिळाला, त्याआधी सत्तर वर्षं नावात डी असून कोळसाच जळत होता.

०७:४०: आकड्याचा पहिला जमाना

आता चौथी जागा. २००२ च्या आधी नियम एकदम साधा होता. नवीन मॉडेल आलं की पुढचा आकडा द्यायचा. घरात मुलं जन्मतात तसं: पहिला, दुसरा, तिसरा. आकड्याचा ताकदीशी संबंध नाही.

डब्ल्यूडीएम-१ हे १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं, १९५० हॉर्सपॉवरचं. मग १९६२ मध्ये अल्कोचंच डब्ल्यूडीएम-२ आलं, २६०० हॉर्सपॉवरचं. त्याचं तंत्रज्ञान घेऊन वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं आणि जानेवारी १९६४ पासून ही इंजिनं आपल्याकडेच बनायला लागली. डीएलडब्ल्यू म्हणतात ते हेच. २०२० मध्ये त्याचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं. डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. तुमच्या आईवडिलांनी आयुष्यात एक तरी डिझेल इंजिन पाहिलं असेल तर ते बहुतेक हेच.

साधारण त्याच वेळी, १९६२ मध्येच, दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं, जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४ आलं. त्याची ताकद? तीही २६००. म्हणजे ‘दोन’ आणि ‘चार’ यांची ताकद सारखीच. मध्ये जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचं डब्ल्यूडीएम-३ पण येऊन गेलं, ते होतं २५०० चं. तीन नंबर दोन नंबरपेक्षा कमी ताकदीचा! पण त्यात चूक काही नाही, कारण त्या आकड्यानं ताकद सांगायचं वचन कधी दिलंच नव्हतं. तो फक्त रांगेतला क्रमांक.

आणि मागचं अक्षर? त्याच मॉडेलमध्ये छोटा बदल झाला की ए, बी, सी. जुन्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये एअर ब्रेकची सोय बसवली की ते झालं डब्ल्यूडीएम-२ए. १९९४ मध्ये त्याच घराण्यातलं ३१०० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं, ते डब्ल्यूडीएम-२सी. फोन कंपन्या एखाद्या मॉडेलच्या मागे ‘एस’ किंवा ‘प्रो’ लावतात ना, तसंच हे.

१०:२०: २००२ चा नवा नियम

पुढे रेल्वेला वाटलं की नाव वाचून ताकद कळली तर बरं. गाडी किती टनांची, चढ किती, कोणतं इंजिन लावायचं, हे ठरवणाऱ्या माणसाला नावातच उत्तर मिळेल. म्हणून २००२ पासून डिझेल इंजिनांसाठी नवा नियम आला. आकडा म्हणजे हजार आणि मागचं अक्षर म्हणजे शेकडा. ए म्हणजे १००, बी म्हणजे २००, सी म्हणजे ३००, डी म्हणजे ४००, ई म्हणजे ५००, एफ म्हणजे ६००.

लगेच हिशोब करून बघा. डब्ल्यूडीएम-३ए: तीन हजार अधिक शंभर, ३१०० हॉर्सपॉवर. बरोबर. हे म्हणजे तेच जुनं डब्ल्यूडीएम-२सी, नाव बदललेलं. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-२ होतं, ते झालं डब्ल्यूडीजी-३ए, ३१००. प्रवासी गाड्यांचं डब्ल्यूडीपी-२ झालं डब्ल्यूडीपी-३ए, तेही ३१००. आणि जनरल मोटर्सच्या नव्या तंत्रज्ञानाचं, १९९९ पासून आलेलं डब्ल्यूडीजी-४, त्याची ताकद ४०००. इथे नाव बदलायची गरजच पडली नाही.

नियम छान आहे. मी इंजिनीअर म्हणून याला दहापैकी नऊ मार्क दिले असते. एक मार्क का कापला? कारण जुनी नावं सगळी बदलली नाहीत. डब्ल्यूडीएम-२ तसंच राहिलं. नव्या नियमानं वाचलं तर ते दोन हजारांचं वाटतं, प्रत्यक्षात २६०० चं आहे. डेटाबेसमध्ये कॉलमचा अर्थ बदलला, पण जुन्या ओळी तशाच ठेवल्या की असंच होतं. मग वाचणाऱ्यालाच माहीत पाहिजे की ही ओळ कधीची आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. डब्ल्यूडीएस-६ आणि डब्ल्यूडीजी-६जी. दोन्हींत सहा. पहिलं यार्डातलं, साइडिंगमधलं शंटिंगचं इंजिन. ताकद सुमारे १४०० हॉर्सपॉवर. दुसरं लांब पल्ल्याच्या जड मालगाड्या ओढणारं, ६००० चं. एकाचा सहा म्हणजे ‘सहावं मॉडेल’, दुसऱ्याचा सहा म्हणजे ‘सहा हजार’. आकडा तोच, पण ताकद चौपटीपेक्षा जास्त. शंटिंगवाल्याचं नाव वाचून कुणी त्याला घाटात चार हजार टनांची गाडी लावायला निघालं तर काय होईल, कल्पना करा.

१३:१०: नियमाला पाडलेली भगदाडं

आता आपल्या पैजेकडे येऊ. नवा नियम आल्यावर तरी सगळं सरळ चाललं का? नाही.

पहिलं भगदाड: डब्ल्यूडीएम-३डी. नियमानं ३४०० यायला पाहिजे. आहे ३३००. कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमधली ही इंजिनं तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. तसंच डब्ल्यूडीएम-३बी. नियमानं ३२००, प्रत्यक्षात ३१००.

दुसरं भगदाड: डब्ल्यूडीपी-४बी. नियमानं ४२०० वाटतं, आहे ४५००. मूळ डब्ल्यूडीपी-४ ला सहा आसांपैकी चारच आसांना मोटरी होत्या. ४बी मध्ये सहाही आसांना मोटरी आल्या आणि ताकदही वाढली. म्हणजे इथे बी हे परत जुन्या पद्धतीचं, ‘सुधारित आवृत्ती’चं अक्षर झालं.

तिसरं भगदाड: आपलं ४डी. डब्ल्यूडीपी-४डी आणि डब्ल्यूडीजी-४डी, दोन्ही ४५०० ची. इथला डी म्हणजे ड्युअल कॅब. इंजिनाच्या दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. आजच्या भाषेत लोको पायलटची.

हा डी का महत्त्वाचा आहे ते सांगतो. याआधीच्या बहुतेक डिझेल इंजिनांना एकच कॅब असायची, एका टोकाजवळ. इंजिन एका दिशेनं चाललं तर कॅबसमोर छोटं नाक, पुढचं नीट दिसतं. पण उलट्या दिशेनं चाललं तर कॅबसमोर इंजिनाचं सगळं लांब धड. त्याला लाँग हूड म्हणतात. लोको पायलटला त्या लांब पेटीच्या बाजूनं डोकावून सिग्नल बघायचा. ट्रकचा ड्रायव्हर मागच्या हौद्यात बसून ट्रक पुढे चालवतोय असं डोळ्यांसमोर आणा. धुकं असेल, वळण असेल, फाटकावर माणूस असेल, तर? दोन्ही टोकांना कॅब दिली की कोणत्याही दिशेनं जा, समोर काच आणि रस्ता मोकळा. शिवाय शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवून उलटं करायची कटकट नाही.

म्हणजे मित्रा, तुझ्या फोटोतला डी शंभर-चारशे हॉर्सपॉवरचा हिशोब सांगत नव्हता. तो सांगत होता की आत बसलेल्या माणसाला पुढचं दिसतंय. माझ्या मते हा हॉर्सपॉवरपेक्षा मोठा डी आहे.

चौथं भगदाड: शेवटचा जी. डब्ल्यूडीजी-४जी आणि ६जी मधला. पहिला जी गुड्सचा. शेवटचा जी कंपनीचा, जीई म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा. बिहारमधल्या मढौरा इथल्या कारखान्यात ही बनतात. २०१५ मध्ये एकूण १००० इंजिनांचा करार झाला, त्यात ७०० इंजिनं ४५०० ची आणि ३०० इंजिनं ६००० ची. आधीचं ४५०० चं मॉडेल दुसऱ्या घराण्यातलं. शेडमधल्या मेकॅनिकला कोणते सुटे भाग लागणार, हे घराण्यावरून ठरतं. म्हणून त्याच्या दृष्टीनं शेकड्यापेक्षा कंपनी कळणं जास्त कामाचं.

तर निष्कर्ष काय? मागचं अक्षर कधी शेकडा सांगतं, कधी आवृत्ती, कधी कॅब, कधी कंपनी. आकडा ‘हजार’ म्हणून वाचायचा तर आधी इंजिन २००२ नंतरच्या नियमातलं आहे का बघायचं. आणि मागच्या अक्षराचा हिशोब लावून पैज लावायची नाही.

१६:००: आणि तो पाच आकडी नंबर

नाव म्हणजे जात-कुळी झाली. नंबर म्हणजे त्या एका इंजिनाची ओळख. माणसाच्या भाषेत आधार नंबर.

डिझेल इंजिनांना साधारणपणे पाच आकडी नंबर असतो आणि तो गठ्ठ्यानं वाटलेला असतो. डब्ल्यूडीएम-२ ची सुरुवात १८ हजारांच्या गठ्ठ्यातून झाली. तो संपत आला, मग १७ हजारांचा घेतला, मग १६ हजारांचा. म्हणजे १६ हजारवालं इंजिन १८ हजारवाल्यापेक्षा नवीन! मोठा नंबर म्हणजे नवं इंजिन, हा आपला गाड्यांच्या नंबरप्लेटवरून लागलेला समज इथे उलटा पडतो. डब्ल्यूडीजी-४ ची सुरुवात १२००१ पासून, डब्ल्यूडीपी-४ चा गठ्ठा २० हजारांचा. जीईची ४जी इंजिनं ४९००१ पासून आणि ६जी ६९००१ पासून. थोडा सराव झाला की लांबून नंबर वाचूनच प्रकार सांगता येतो. नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर हे करून बघा, सोबतचे लोक चकित होतात. किंवा थोडे दूर सरकून उभे राहतात.

आता महत्त्वाचं. नाव बदलू शकतं, नंबर शक्यतो बदलत नाही. पंजाबात पतियाळाला रेल्वेचा कारखाना आहे. जुनी डब्ल्यूडीएम-२ तिथे जाऊन पूर्ण नव्यानं बांधली गेली, ताकद २६०० वरून ३१०० झाली आणि अंगावरचं नाव झालं डब्ल्यूडीएम-३ए. पण नंबर तोच राहिला, फक्त मागे आर लागला, रिबिल्टचा. डेटाबेस शिकणाऱ्यांनो, प्रायमरी की का बदलायची नसते, हे यापेक्षा सोपं सांगता येणार नाही. त्या इंजिनाची दुरुस्तीची वही, शेडमधली नोंद, सगळं त्या नंबरावर टांगलेलं आहे. नंबर बदलला की इतिहास तुटला.

आणि एक गंमत. मालगाडीच्या डब्याचा नंबर अकरा आकडी असतो. त्यात डब्याचा प्रकार, मालकी कोणत्या रेल्वेची, कोणत्या वर्षी बनला, अनुक्रमांक, हे सगळं असतं आणि शेवटचा आकडा तपासणीचा. आधीचे दहा आकडे लिहिताना चूक झाली तर शेवटच्या आकड्याचा हिशोब जुळत नाही. इंजिनाच्या पाच आकड्यांत असली सोय नाही. इंजिनं हजारांत आणि डबे लाखांत, त्यामुळे तिकडे जास्त काळजी.

१८:१०: पवनी रोडचं झेड

आता सुरुवातीला म्हटलं ते.

नागपूर–नागभीड ही छोटी लाईन १९०८ मध्ये सुरू झाली. बंगाल नागपूर रेल्वेनं बांधलेली, अडीच फुटी. इतवारी, उमरेड, भिवापूर, मग पवनी रोड आणि पुढे नागभीड. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असलं की समजायचं, गाव तिथून लांब आहे. आमचंही तसंच. सम्राट अशोकाच्या काळाइतकी जुनी स्तूपांची जागा असलेलं गाव वैनगंगेच्या काठी आणि स्टेशन भलतीकडे. तरी लोक जायचे. गाडी सावकाश, पण तिकीट बसपेक्षा कितीतरी स्वस्त.

तिला शेवटच्या काळात ओढायचं झेडडीएम-४ए. आता तुम्हाला वाचता येतं. झेड: अडीच फुटी. डी: डिझेल. एम: मिक्स्ड. ४ए: जुन्या नियमातलं चौथं मॉडेल, सुधारित. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं, ७०० हॉर्सपॉवरचं. नंबर तीन आकडी, कारण ही इंजिनं होतीच मोजकी. २००२ चा नियम याला लावला असता तर नाव झालं असतं ‘झेडडीएम-०जी’. शून्य हजार, सातशे. कुणी ते बदललं नाही, बरंच केलं. शून्य लिहिलेलं इंजिन आमच्या लाईनला लावलं असतं तर लोकांनी तिथेच आंदोलन केलं असतं.

मी शाळेत असताना खिडकीतून या इंजिनाकडे बघून वाटायचं, ४ए म्हणजे चांगलंच मोठं असणार. डब्ल्यूडीएम-३ए मध्ये तीन, आपल्यात चार! पुण्याला कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा ३ए शेजारी उभं राहून पाहिलं. तेव्हा कळलं की आपला चार त्यांच्या तीनपेक्षा चौपट लहान आहे.

पण खरी अडचण आकड्याची नव्हतीच. ती पहिल्या अक्षराची होती. नागभीडला गोंदिया–चांदा फोर्टची ब्रॉडगेज लाईन आहे. तिथे डब्ल्यू आणि झेड समोरासमोर यायचे आणि एकमेकांच्या रुळावर जाऊ शकायचे नाहीत. माणसांनी उतरायचं, सामान उचलायचं, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचं. माल असेल तर एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरायचा. धानाचं पोतं झेडमधून थेट मुंबईला जाऊ शकत नाही. नावातलं शेवटचं अक्षर चुकीचं वाचलं तर शंभर रुपयांची पैज हरता. पहिलं अक्षर चुकीचं मिळालं तर अख्खा तालुका शंभर वर्षं मुख्य लाईनपासून तुटतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ही छोटी गाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि गेज बदलाचं काम महारेलकडे गेलं. आमच्याकडे तेव्हा दोन प्रकारचे लोक होते. एक म्हणायचे, बरं झालं, आता मोठी गाडी येईल. दुसरे म्हणायचे, येईल तेव्हा येईल, उद्या नागपूरला दवाखान्यात कसं जायचं? दोघंही बरोबर होते. कागदावर झेड खोडून डब्ल्यू लिहायला एक सेकंद लागतो. जमिनीवर त्यासाठी रूळ, पूल, स्टेशनं, सगळं नव्यानं बांधावं लागतं, आणि तोवर माणसं बसच्या थांब्यावर उभी असतात.

आणि आजकाल ब्रॉडगेज आलं की त्यासोबत विजेच्या तारा येतात. म्हणजे एकच अक्षर नाही बदलत, दोन बदलतात. झेडडी जाऊन डब्ल्यूए. देशभर डिझेल मागे पडतंय. वाराणसीला तर डिझेल इंजिनातच बदल करून त्याचं विजेचं इंजिन बनवलं. मूळ डब्ल्यूडीजी-३ए, नवीन नाव डब्ल्यूएजीसी-३. दुसऱ्या जागेवरचा डी गेला, ए आला आणि मध्ये सी बसला, कन्व्हर्टेडचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. जड मालगाड्यांचं डब्ल्यूएजी-१२बी पण बघा. बारा हजार हॉर्सपॉवर, आणि त्याची देखभाल करणारा डेपो आपल्या नागपुरात आहे. म्हणजे हजाराची भाषा आता विजेच्या इंजिनातही आली.

२१:३०: जाता जाता

झेड इंजिनं जवळून बघायची असतील तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. रविवारी लहान भावंडांना घेऊन जा. पाटी झाका आणि विचारा, पहिलं अक्षर कोणतं असेल? रुळांकडे बघून सांगता आलं पाहिजे.

आता गृहपाठ. वायडीएम-४, एनडीएम-६, डब्ल्यूडीएस-६, डब्ल्यूडीपी-४डी. चारही उलगडून पाठवा. एक इशारा देतो: पहिल्या तिघांत आकड्याला हजारानं गुणलं तर नापास. आणखी एक: वायडीएम-४ अकोला–खंडवा मीटरगेजवर धावायचं, घरात मोठ्यांना विचारा, आठवण निघेल.

वाचायचा क्रम पाठ करून टाका: रूळ, इंधन, काम, मॉडेल. मॉडेलच्या आकड्यावर थांबायचं आणि विचारायचं, हा जुन्या नियमाचा की नव्या? मागच्या अक्षराला तर दोनदा विचारायचं.

फोटो काढा, पाठवा, पण प्लॅटफॉर्मवरून. रुळाजवळ जाऊन नाही. नंबर दिसला नाही तर दिसला नाही, पुढची गाडी येतेच.

आणि पैज हरलेल्या मित्रा, शंभर रुपये देऊन टाक. देताना त्याला विचार, ‘४डी मधला डी कशाचा?’ त्याला सांगता आलं नाही तर पन्नास परत माग.

भेटू पुढच्या भागात.